‘दप्तरी दाखल’ म्हणजे मंजूर नव्हे : दिव्यांगांच्या घरी येणारी सरकारी पत्रे कशी वाचावीत



या पानावर एरवी आपण आजार, आहार आणि औषधपाण्याविषयी बोलतो. या वेळी विषय कागदाचा आहे, पण आरोग्याच्या बाहेरचा नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थांबले की यवतमाळच्या दवाखान्यात जाण्याचे भाडे थांबते, आणि भाडे थांबले की गोळ्या थांबतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या घरी हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि पुष्कळदा पैसे थांबण्याचे कारण घरात आलेल्या पत्रातच लिहिलेले असते. ते पत्र कुणी तरी नीट वाचलेले नसते, एवढेच.

एक वाक्य पाहा. ‘आपण त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत न केल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ घरातली शिकलेली पोर हे वाचते आणि सांगते, ‘आई, अर्ज दाखल झाला.’ शाळेत नाव दाखल होते, रुग्ण दवाखान्यात दाखल होतो, तसा अर्जही आत गेला असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात कचेरीच्या भाषेत ‘दप्तरी दाखल’ म्हणजे कागद फाइलीत बांधून ठेवला, त्यावर पुढे काही होणार नाही. ‘नस्तीबद्ध करण्यात आले’ याचाही अर्थ तोच. ‘अर्ज निकाली काढण्यात येत आहे’ या शब्दांत निकाल आपल्या बाजूने लागल्याचा भास होतो. अर्थ मात्र इतकाच की त्यांच्या टेबलावरून विषय संपला. बाजूने की विरुद्ध, ते मागच्या-पुढच्या ओळीत शोधावे लागते. अशा पत्रानंतर माणसे पैसे येण्याची वाट पाहत सहा-सहा महिने बसून राहतात. आम्हाला या भाषेचा राग येतो, पण राग बाजूला ठेवून ती शिकून घेणे भाग आहे.

पत्र हातात आले की आधी एकच गोष्ट ठरवायची : हे कुणी पाठवले? दिव्यांगांच्या बाबतीत तीन वेगवेगळी दारे आहेत. पहिले दवाखान्याचे. तिथे वैद्यकीय मंडळ तपासणी करते, टक्केवारी ठरवते, आणि दिव्यांगत्वाचा दाखला व यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्र मिळते. दुसरे तहसीलचे, तिथे संजय गांधी योजनेची शाखा आणि तालुका समिती अनुदान मंजूर किंवा नामंजूर करते. तिसरे बँकेचे, जिथे मंजूर झालेला पैसा खात्यात पडतो किंवा अडतो. तहसीलला टक्केवारी वाढवता येत नाही. दवाखान्याला अनुदान सुरू करता येत नाही. बँकेला यातले काहीच करता येत नाही. तरी माणूस चुकीच्या दारावर जातो, तिथला बाबू ‘आमच्याकडे नाही’ म्हणतो, आणि आपल्याला वाटते सगळीकडूनच नकार आला. उमरखेड, वणी किंवा झरी जामणीच्या माणसाला यवतमाळची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडे. म्हणून दार आधी ओळखायचे.

दार ओळखायला पत्राचा माथा पुरतो. वरती कचेरीचे नाव असते, खाली जावक क्रमांक आणि दिनांक. मग ‘विषय’, मग ‘संदर्भ’. संदर्भात शासन निर्णयांचे क्रमांक भरलेले असतात. ते पाहून घाबरू नये, आपल्याला त्यातली फक्त आपल्या अर्जाची तारीख हवी असते. ‘उपरोक्त विषयांकित प्रकरणी आपणांस कळविण्यात येते की’ ही ओळ म्हणजे नुसती प्रस्तावना. खरी गोष्ट बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. म्हणून आमचा सल्ला असा की विषय वाचा, मग थेट शेवटचा परिच्छेद वाचा, आणि त्यानंतर मधला मजकूर.

आता पहिल्या दाराची पत्रे. यात सर्वांत जास्त घोळ टक्केवारीचा आहे.

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ते २१ झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आले. विदर्भाच्या दृष्टीने, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तर फारच, ही मोठी गोष्ट होती. नागपूरच्या डॉक्टरांनी इथल्या लोकांच्या रक्तातला सिकलसेल १९५८ सालीच जगापुढे मांडला होता. कायद्यात त्याला जागा मिळायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली.

पण यादीत नाव असणे आणि लाभ मिळणे यांत अंतर आहे. दाखला ४० टक्क्यांखालीही मिळतो. दाखला हातात पडला म्हणून माणूस खूश होतो, आणि तहसीलमधून ‘अपात्र’ असे पत्र आले की त्याला फसवल्यासारखे वाटते. कायद्यातल्या ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या अटीसाठी किमान ४० टक्के लागतात, आणि बहुतेक योजना तिथून सुरू होतात. ओळखपत्राच्या रंगावरूनही हे कळते : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० मध्ये पिवळे, ८० आणि त्यापुढे निळे.

तो ८० चा आकडा आणखी एका ठिकाणी आडवा येतो. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव, दोन्ही लागतात. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला ४० टक्के पुरतात. त्यामुळे ५५ टक्क्यांच्या माणसाला ‘राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी अपात्र’ असे पत्र आले तर ते बरोबरच असते, आणि तरीही संजय गांधी योजनेचा त्याचा हक्क जसाच्या तसा असतो. पत्रात योजनेचे नाव कोणते आहे ते बोट ठेवून वाचा. एका योजनेचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, असे धरून गप्प बसलेली घरे आपल्या वस्त्यांत आहेत.

टक्क्यांची बेरीज हाही वादाचा विषय. पायाचे ३० आणि कानाचे २०, म्हणजे ५० झाले पाहिजेत, मग दाखल्यावर ४३ कसे? तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी सूत्र आहे. मोठा आकडा पूर्ण धरतात. तो ९० मधून वजा करून जे उरते त्याच्या प्रमाणात धाकटा आकडा घेतात. इथे ९० मधून ३० गेले, उरले ६०. २० ला ६० ने गुणून ९० ने भागले की १३ च्या वर थोडे येतात. ३० अधिक १३, म्हणजे ४३. डॉक्टरने सात टक्के खाल्ले नाहीत. मात्र दोन त्रास असताना मंडळाने एकच तपासला असेल, तर ती खरी तक्रार आहे आणि ती करावी. सिकलसेलमध्ये असे होऊ शकते. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होते, माणूस लंगडतो. रक्ताचा आजार वेगळा आणि चालण्याचे दिव्यांगत्व वेगळे. दोन्ही तपासून घ्यावीत.

सिकलसेलबाबत आणखी एक शब्द नीट समजून घ्यावा. रक्ताच्या अहवालात ‘एएस’ असेल तर तो माणूस वाहक आहे, रुग्ण नाही. त्याला दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही आणि त्याबाबतचे नकाराचे पत्र योग्यच असते. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. सिकलसेल आणि थॅलेसेमिया असा दुहेरी दोष असलेलाही रुग्णच. गावपातळीवरच्या शिबिरातली साधी चाचणी फक्त दोष असल्याची शंका सांगते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीतून ठरते. ‘निदान निश्चित करणारा अहवाल जोडलेला नाही’ असे पत्र आले तर हाच अहवाल मागितला आहे असे समजावे. शिवाय मंडळाला आजाराची तीव्रता पाहायची असते. वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवले, भरती किती वेळा व्हावे लागले, हे तोंडी सांगून कुणी लिहून घेत नाही. प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड आणि रक्त चढवल्याची नोंद एका पिशवीत ठेवा. ओषधाची रिकामी पाकिटे सांभाळणारी आणि डिस्चार्ज कार्ड चुलीत घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. उलटे करायला हवे.

दाखल्यावर ‘तात्पुरता’ किंवा ‘पुनर्तपासणी आवश्यक’ असे लिहिले असेल आणि पुढे तारीख असेल, तर ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहावी. ज्या आजारात बदल होऊ शकतो त्याचा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की तहसीलचे अनुदान अडू शकते, आणि तेव्हा दोष तहसीलचा नसतो. मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच हालचाल करावी, कारण वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिथे तुमची तपासणी होते तिथे गेलो आणि त्याच दिवशी काम झाले, असे होत नाही.

हाताने लिहिलेला जुना दाखला असलेल्यांना ‘ऑनलाइन दाखला सादर करा’ असे पत्र येते. १ जून २०२१ पासून दाखले यूडीआयडीच्या संकेतस्थळावरूनच देणे बंधनकारक आहे. नोंदणी केल्यावर मिळणारी पावती म्हणजे ओळखपत्र नव्हे. ओळखपत्रावरचा क्रमांक अठरा अक्षर-अंकांचा असतो. नोंदणी क्रमांक तिथे लिहिला की अर्ज परत येतो.

मंडळाने दाखला नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, असा नियम आहे. ‘तुम्ही बसत नाही’ एवढे तोंडी ऐकून परत येऊ नये. लेखी कारण हाती असेल तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे त्या निर्णयावर अपील करता येते. कारणच हाती नसेल तर अपील कशावर करणार?

दुसरे दार तहसीलचे. इथे तीन शब्दांत फरक करायला शिकले की निम्मे काम झाले : त्रुटी, प्रलंबित, अपात्र. ‘त्रुटी’ म्हणजे कागद कमी आहे, अर्ज जिवंत आहे. ‘प्रलंबित’ म्हणजे अजून ठरले नाही. समितीची बैठक व्हायची आहे किंवा तलाठ्याचा चौकशी अहवाल आलेला नाही. ‘अपात्र’ किंवा ‘नामंजूर’ म्हणजे नकार. ‘अनुज्ञेय नाही’ हाही नकारच, फक्त संस्कृतात दिलेला.

त्रुटीच्या पत्रात एक धोकादायक वाक्य असते : ‘विहित मुदतीत पूर्तता न केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ म्हणजे तुमच्या गप्प बसण्यालाच ते उत्तर समजणार. मुदत सात दिवसांची असेल, पंधरा दिवसांची असेल. कागद त्या मुदतीत मिळणार नसेल, तर निदान ‘उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे, पावती सोबत जोडली आहे, मुदत वाढवून द्यावी’ अशा दोन ओळी तरी देऊन याव्यात. पत्र कोतवालाच्या हाती उशिरा आले किंवा टपालाने उशिरा पोहोचले तर लिफाफा फेकू नका. टपालाचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांच्या कुलूपबंद दारात पत्र पडून राहते. जाण्याआधी शेजाऱ्याला किंवा विहारातल्या कार्यकर्त्याला सांगून ठेवावे, आणि पत्र आल्यावर त्याने फोनवर वाचून दाखवावे. शेवटच्या परिच्छेदासकट.

अपात्रतेची कारणे पत्रात एका ओळीत असतात. ‘उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त’ असे असेल तर कोणती मर्यादा लावली ते पाहा. संजय गांधी योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याच्या कुटुंबासाठी वार्षिक २१,००० रुपयांची मर्यादा आहे, पण दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. ४५,००० चा दाखला जोडलेल्या दिव्यांगाला २१,००० च्या मर्यादेवरून नकार आला असेल, तर तो नकार उभाच राहू शकत नाही. त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी. ‘रहिवासाचा पुरावा नाही’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहत असल्याचा कागद हवा. तेलंगणाच्या सीमेकडच्या गावांत, जिथे सून पलीकडून आलेली असते, तिथे हा प्रश्न उभा राहतो.

वयाचेही एक पत्र असते. संजय गांधी योजना ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. त्यानंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. पासष्टी ओलांडल्यावर ‘संजय गांधी योजनेतून नाव कमी करण्यात येत आहे’ असे आले तर रडारड नको. श्रावणबाळमध्ये नाव वर्ग झाले का, एवढेच विचारावे. झाले नसेल तर ते करून घ्यावे.

बहिणींसाठी एक सूचना. २०२४ पासून लाडकी बहीण योजना सुरू आहे, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर तिचा लाभ मिळत नाही. संजय गांधीचे अनुदान २०२३ मध्ये १५०० झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २५०० करण्यात आले. म्हणून लाडकी बहीणच्या नकाराचे पत्र आले की निराधारचे पैसेही बंद झाले, अशी आवई उठते. तसे नसते.

तिसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. पैसे आता आधारवर चालणाऱ्या थेट हस्तांतरणाने येतात, आणि ज्या बँकेत तुमचे आधार शेवटी जोडले गेले त्या खात्यात ते पडतात; पासबुक कोणत्या बँकेचे दिले होते याला महत्त्व उरत नाही. मध्ये कुठे नवे खाते उघडले असेल, कुणी शिबिरात अंगठा घेतला असेल, तर पैसा तिकडे जात असतो. बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढेच विचारू नका; ‘डीबीटीसाठी आधार कोणत्या बँकेत सीडिंग झाले आहे’ असे विचारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा राहिला तरी पैसे थांबतात, आणि त्याचे पत्र येईलच असे नाही. जो माणूस अंथरुणावर आहे त्याच्या घरच्यांनी ही गोष्ट तहसीलमध्ये लेखी कळवावी.

पत्र न देताच पैसे बंद झाले, किंवा पत्रात कारणच नाही, असे असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाही, फक्त पुरावा जोडावा लागतो. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. त्यात भाषण नको. ‘माझ्या अर्जावरील तलाठी चौकशी अहवालाची आणि ज्या बैठकीत निर्णय झाला तिच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी’ एवढे पुरते. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आणि वकील परवडत नाही म्हणून थांबू नये : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

कचेरीत गेल्यावर काही वेळा ‘फुकटचे पैसे पाहिजेत’ असे बोल ऐकावे लागतात. आजारपण आणि दिव्यांगत्व आले तर राज्याने साहाय्य करावे, हे संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये लिहिलेले आहे. हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. आवाज चढवण्याचेही नाही. कागद पुढे ठेवावा आणि पोच मागावी.

ती पोच कशी घ्यायची, आणि उत्तर कसे लिहायचे, याचा एक नमुना देतो. विहारात रविवारी वंदनेनंतर कुणी तरी असे अर्ज लिहून देत असेल, तर त्याने हा उतरवून घ्यावा.

‘प्रति, मा. तहसीलदार (संजय गांधी योजना शाखा). विषय : आपले पत्र जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याचे उत्तर. महोदय, वरील पत्र मला दिनांक अमुक रोजी मिळाले. पत्रात माझे उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे कारण दिले आहे. मी ५२ टक्के दिव्यांग असून माझ्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४५,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० रुपये आहे. तरी माझ्या अर्जाचा फेरविचार करून निर्णय मला लेखी कळवावा. सोबत : दिव्यांगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आपल्या पत्राची प्रत.’

खाली सही किंवा अंगठा, गाव, तालुका, तारीख. दोन प्रती काढायच्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ‘शिक्का नंतर मारतो, उद्या या’ असे म्हटले तर कागद परत घ्यावा आणि पोस्टातून पोचपावतीसह पाठवावा. शिक्का मारलेली प्रत डिस्चार्ज कार्डांच्याच पिशवीत ठेवावी, आणि तिचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.